ध्रुवीय समुद्रातलं तेल: टबातला प्रयोग आणि दोरीला लटकलेली माणसं

करडईफूल, परभणी
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या मुलांना ध्रुवीय समुद्रातलं तेल आणि त्याविरुद्धची आंदोलनं हा विषय मांडायचाय. दोन भाग ठरलेत. बर्फाळ पाण्यात तेल सांडलं तर ते का निघत नाही, हे टबात करून दाखवायचं, आणि शेजारी आंदोलनांचा तक्ता लावायचा. "रिगवर (समुद्रात तेलाची विहीर पाडणाऱ्या यंत्रणेवर) चढले, बॅनर लावला, अटक झाली" एवढ्यावर तक्ता संपू नये. वर चढून नेमकं अडतं काय? कुठं लागू पडलं, कुठं वाया गेलं? परीक्षक खोदून विचारतात, तेव्हा पक्कं असेल तेच सांगा. खर्चाला पाचशे रुपये आहेत.

हिमकण, छ. संभाजीनगर
आधी टबाचं बघू. परात नको, उथळ पडते. कपडे भिजवायचा ५० सेंमी व्यासाचा टब घ्या, पांढरा मिळाला तर उत्तम. त्यात १० सेंमी पाणी म्हणजे साधारण २० लिटर. समुद्राचा खारेपणा लिटरला ३५ ग्रॅम, म्हणून ७०० ग्रॅम मीठ. जाडं मीठ असेल तर आदल्या रात्रीच विरघळवून ठेवा, नाहीतर तळाचे खडे बघण्यातच पोरं रमतात.

तेल करडईचं घ्या. शून्य अंशालाही ते गोठत नाही. खोबरेल घेतलं तर गार पाण्यात त्याच्या पांढऱ्या गोळ्या होतात आणि सगळा प्रयोगच हुकतो. रंगासाठी तेल कोमट करून त्यात रतनजोत टाका, दहा मिनिटांत गडद लाल होतं. टबाच्या पाण्याचा पृष्ठभाग ०.१९६ चौरस मीटर आहे. त्यावर २०० मिली तेल सारखं पसरलं तर जाडी १ मिमीच्या आसपास भरते. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या, पुढं ते लागणार आहे.

आता बूम. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारं कुंपण: वर हवा भरलेली नळी, तिच्याखाली पाण्यात लोंबणारा पडदा, आणि पडदा ताठ राहावा म्हणून त्याच्या तळाला वजन. ठिबकची १६ मिमीची साधी लॅटरल सव्वा मीटर घ्या, ड्रिपर नसलेली. दोन्ही टोकं दुमडून तारेनं आवळा. खताच्या गोणीची पट्टी नळीवरून गुंडाळून शिवा, खाली ४ सेंमी लोंबू द्या. नळीलाच भोक पाडून शिवलंत तर पाणी आत शिरतं. पट्टीच्या खालच्या कडेला दर ५ सेंमीवर ६ मिमीचा एक नट बांधा. खऱ्या बूमला साखळी असते म्हणून सायकलची साखळी लावायचा मोह होतो. ती मीटरला अडीचशे ग्रॅमच्या वर जाते, आणि ही नळी मीटरला जेमतेम दीडशे ग्रॅम पेलते. सगळं कुंपण तळाला जाऊन बसतं.

तीन फेऱ्या करा. पहिली बिनबर्फाची: बूम हळूहळू ओढत तेल एका कडेला आणा आणि पळीनं काढा. बरंचसं निघतं. इथंच एकदा मुद्दाम जोरात ओढून दाखवा, तेल पडद्याखालून निसटतं. खऱ्या समुद्रातही बूमवर आडवा येणारा प्रवाह सेकंदाला ३५ सेंमीच्या पुढं गेला की हेच होतं.

दुसऱ्या फेरीला अडीच सेंमी जाडीचे बर्फाचे तुकडे, १.३ किलो. एवढ्यात टबाचा ३० टक्के भाग झाकतो. बूम ओढली की तेलाच्या आधी बर्फच गोळा होतो, पडद्यावर रेलतो, पडदा तिरका होतो आणि तेल पलीकडं जातं. तिसरीला एकूण ३.१ किलो, म्हणजे ७० टक्के. आता बूम फिरवायला जागाच नाही. तेल तुकड्यांच्या फटीत अडकून जागच्या जागी राहतं, बाहेरून तर दिसतही नाही. खऱ्या समुद्रात याच्या मधली अवस्था सगळ्यात वाईट: बर्फ एवढा की बूम चालत नाही, आणि एवढाही नाही की तो स्वतः तेल अडवून धरील.

हिंगोलीकर
रतनजोत कुठं मिळंल? कुंकू चालतंय का?

हिमकण, छ. संभाजीनगर
काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल. कुंकू तेलात विरघळत नाही, खाली बसतं. मिठाईचा रंग तर अजिबात नको, तो पाण्यात विरघळणारा असतो. त्याचे थेंब तेलातून खाली उतरतात आणि सगळं पाणीच लाल होतं.

आणखी एक. तवंग पेटवून दाखवायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येणारच. आर्क्टिकमध्ये तवंग जाळणं ही मान्य पद्धत आहे. त्यासाठी तवंग २ ते ३ मिमी तरी जाड लागतो, कारण त्याहून पातळ थरातली उष्णता खालचं पाणी ओढून घेतं आणि आग धरत नाही. लाटांनी तेलात पाणी घुसळलं जाऊन पाव हिस्सा पाणी झालं की पेटवणं अवघड होऊन बसतं. वारा वीस नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किमीच्या) पुढं गेला तरी तेच. पण टबात हे करायचं नाही. करडईचं तेल काडीनं पेटत नाही, मग कुणीतरी रॉकेल नाहीतर पेट्रोल आणतो. मुलांना गणितातून दाखवा: आपल्या टबात १ मिमी होतं, ३ मिमीला ६०० मिली लागलं असतं, आणि समुद्रात तेल पसरत जातं तसा थर पातळच होत जातो.

बोअरगाडी, बीड
विहिरीकडचं राहिलं. आपल्या भाषेत सांगतो, म्हणजे प्रदर्शनाला आलेल्या कुणालाही कळेल.

आपल्याकडं साडेसहा इंची बोअर, वरच्या मुरमात केसिंग (भोकाची भिंत धरणारा पाइप), खडक लागला की खाली उघडं भोक. पाणी आपल्या जोरानं वर येत नाही, मोटर सोडावी लागते. तेलाच्या विहिरीत उलटं असतं. खाली दाब असतो, आणि तो दाबून धरायला वरून जड चिखल भरलेला असतो. त्याला मडच म्हणतात. मडचं वजन कमी पडलं किंवा केसिंगमागचं सिमेंट नीट बसलं नाही, की तेल आणि वायू उसळून वर. मग शेवटची आडकाठी म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात नेमका तोच चालला नाही. ८७ दिवस तेल वाहत राहिलं. जुलैत वरून झाकण बसलं, आणि सप्टेंबरात बाजूनं तिरकी पाडलेली दुसरी विहीर पहिलीला खाली जाऊन भिडली, तिच्यातून सिमेंट भरलं, तेव्हा कुठं विहीर कायमची मेली. या दुसऱ्या विहिरीला रिलीफ वेल म्हणतात.

हेच आता अलास्काच्या वरच्या चुकची समुद्रात ठेवून बघा. काम करायला बर्फ मोकळा मिळतो जुलैपासून फार तर ऑक्टोबरपर्यंत. विहीर सप्टेंबरच्या शेवटी उसळली तर रिलीफ वेल पाडायला दिवस कुठून आणायचे? वर बर्फ जमणार, खाली गळती चालू, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळे हात बांधून बसणार. म्हणून तिथं त्याच मोसमात रिलीफ वेल पूर्ण करता येईल अशी तयारी मागतात. म्हणजे दुसरी रिग जवळ उभी हवी, आणि तेलाच्या थरातलं काम बर्फ यायच्या बरंच आधी थांबवायला हवं. काम करायचे दिवस आणखी कमी झाले. आपल्याकडं पेरणीची वापसा जशी हातची निघून जाते, तसलं हे गणित आहे.

सडेतोड, जालना
सगळं ठीक. पण ज्या आंदोलनांचं कौतुक करायलात ते लोक डिझेलच्या जहाजातून, प्लास्टिकच्या कयाकमधून (वल्ह्याच्या अरुंद होडीतून), पेट्रोलियमपासून केलेल्या नायलॉनच्या दोराला लटकून तेलाला विरोध करतात. आणि तिथं अलास्कात काय होतंय त्याचं परभणीच्या पोरांना काय? इथं टँकरची वाट बघायलेत लोक.

वाळूघड्याळ, नांदेड
सडेतोडभाऊ, डिझेलचा टोमणा जुना आहे. त्यांचं म्हणणं उद्या सकाळी सगळ्या गाड्या बंद करा असं नव्हतंच. जिथं सांडलेलं काढता येत नाही तिथं नवीन विहीर पाडू नका, एवढंच होतं. नायलॉनच्या दोरीनं ते खोटं पडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं पुढं कुणीतरी सांगेलच. मी तक्त्याच्या मूळ प्रश्नाकडं येतो: वर चढून अडतं काय?

बोअरगाडीनं दिवसांचं गणित मांडलंय, उत्तर त्यातच आहे. नुसतं चढून विहीर थांबत नाही, फार तर काही दिवस वाया जातात. जिथं दिवसच मोजके आहेत तिथं त्याला किंमत येते. शेल या तेल कंपनीचं अलास्कातलं २०१५ सालचं प्रकरण क्रमानं लावा:

एप्रिलमध्ये पोलर पायोनियर ही रिग ब्लू मार्लिन नावाच्या अवजड वाहू जहाजावर चढवून पॅसिफिक ओलांडत होती. हवाईच्या वायव्येला भर समुद्रात ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे सहा जण तिच्यावर चढले आणि सहा दिवस राहिले. हवा बिघडली, उतरले. अडलं काहीच नाही, कारण जहाज चालूच होतं. पण रिग कुठं निघालीय हे जगाला कळलं.

मे महिन्यात ती सिएटल बंदरात लागली. १६ मे रोजी शेकडो कयाक तिच्याभोवती जमले. त्यानंही ती थांबली नाही.

खरी मेख जुलैत आहे. फेनिका नावाचं आइसब्रेकर (बर्फ फोडत जाणारं) जहाज कॅपिंग स्टॅक घेऊन चाललं होतं. विहीर उसळली तर वरून बसवायचं झाकण ते हेच. अलास्कातल्या डच हार्बरजवळ त्याच्या बुडाला जवळपास मीटरभर चीर पडली, दुरुस्तीला ते खाली पोर्टलंडला आणावं लागलं. आणि सरकारी परवान्यात अट होती: कॅपिंग स्टॅक हाताशी येईपर्यंत विहिरीचा फक्त वरचा भाग पाडायचा, तेलाच्या थरात शिरायचं नाही. दोन रिगा, ढीगभर जहाजं तिकडं तयार, आणि सगळ्यांची वाट या एका जहाजावर अडलेली. २९ जुलैला पोर्टलंडच्या सेंट जॉन्स पुलावरून तेरा जण दोरांनी खाली उतरून नदीवर लटकले. तेवढेच वर पुलावर, दोर सांभाळायला. खाली नदीत कयाकवाले. ३० तारखेला सकाळी फेनिका निघालं आणि माघारी वळलं. अलास्कातल्या अँकरेजच्या न्यायालयानं ग्रीनपीसला तासाला २,५०० डॉलर दंड लावला. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी मधल्या काही जणांना खाली घेतलं, फट झाली आणि जहाज निघून गेलं. लटकणं सुमारे चाळीस तासांचं.

तक्त्यावर हे तिन्ही एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर "काय अडलं" असा रकाना ठेवा. फरक आपोआप दिसेल.

बोअरगाडी, बीड
त्यात आणखी एक भर. शेलला दोन्ही रिगांनी एकाच वेळी दोन विहिरी पाडायच्या होत्या. पण वॉलरस या सुळेवाल्या सागरी प्राण्यासाठीचा नियम होता की दोन चालू रिगांत १५ मैल अंतर हवं. त्यांच्या विहिरी ९ मैलांवर. हे पर्यावरणवाल्या वकिलांनी कागदावर दाखवून दिलं, आणि एका वेळी एकच रिग चालवायची असं ठरलं. दोरीला कुणीही न लटकता निम्मं काम गेलं.

सडेतोड, जालना
शेवटी शेल गेली कशामुळं? तेलाचा भाव पडला आणि विहिरीत काही लागलं नाही. श्रेय मात्र पुलावरच्यांना.

वाळूघड्याळ, नांदेड
बरोबर बोललात, आणि तक्त्यात तसंच लिहायला हवं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी शेलनं जाहीर केलं: 'बर्गर जे' नावाच्या विहिरीत तेल-वायूच्या खुणा मिळाल्या पण पुरेशा नाहीत, खर्च जास्त, नियमांचा भरवसा नाही, म्हणून अलास्काच्या समुद्रातला शोध थांबवतोय. तोवर सुमारे ७ अब्ज डॉलर गेले होते. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव पन्नासच्या खाली आला होता. पण "खर्च जास्त" आणि "नियम" या दोन शब्दांत दंड, वकील, वॉलरस, कॅपिंग स्टॅकची अट, सगळं येतं. कुणाचा वाटा किती, हे तराजूत टाकून सांगता येणार नाही. मुलांनी "आंदोलनामुळे शेल हरली" असं लिहू नये, आणि "आंदोलनाचा काही उपयोग नव्हता" असंही लिहू नये.

कलम साठ, लातूर
कायद्याची बाजू, कारण परीक्षक "ते गुन्हेगार होते का?" हे विचारणारच.

समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कलम ६० प्रमाणे किनारी देश आपल्या प्लॅटफॉर्मभोवती जास्तीत जास्त ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा आखू शकतो. पट्ट्यात शिरलेल्यांना अटक करता येते, त्यात वाद नाही. वाद पट्ट्याबाहेरच्या जहाजाचा.

१८ सप्टेंबर २०१३, रशियाच्या उत्तरेचा पेचोरा समुद्र, रशियातल्या सरकारी गाझप्रोम कंपनीचा प्रिराझलोम्नाया प्लॅटफॉर्म. ग्रीनपीसच्या आर्क्टिक सनराइज जहाजावरून रबरी बोटी निघाल्या, दोघांनी प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर चढायला सुरुवात केली. वरून पाण्याचे फवारे, रशियन तटरक्षकांच्या इशाऱ्याच्या गोळ्या, दोघे ताब्यात. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून सैनिक जहाजावरच उतरले. जहाज ओढून मुर्मान्स्कला नेलं. एकूण तीस जण, त्यात दोन मुक्त पत्रकार. आरोप लावला चाचेगिरीचा. हा आरोप मुळात बसतच नव्हता, कारण कलम १०१ मधल्या चाचेगिरीला खाजगी हेतू लागतो आणि एका जहाजानं दुसऱ्या जहाजावर केलेलं कृत्य लागतं. समुद्रतळावर बसवलेला प्लॅटफॉर्म म्हणजे जहाज नव्हे. पुढं आरोप बदलून गुंडगिरीचा केला.

जहाजावर झेंडा नेदरलँड्सचा. इथंच मुलांना झेंड्याचं महत्त्व समजावून सांगा: जहाज ज्या देशात नोंदलेलं, तो देश त्याच्यासाठी दाद मागू शकतो. नेदरलँड्स हॅम्बुर्गच्या समुद्र न्यायाधिकरणात गेलं. २२ नोव्हेंबर २०१३ रोजी आदेश झाला: ३६ लाख युरोच्या हमीवर जहाज आणि माणसं सोडा. रशिया तिथं हजरच राहिला नव्हता, पण तोवर त्यांच्याच कोर्टानं माणशी २० लाख रुबलच्या जामिनावर सोडायला सुरुवात केली होती, आणि डिसेंबरातल्या माफीत खटले मिटले. २०१५ मध्ये लवादानं रशियाला दोषी धरलं: झेंड्याच्या देशाला न विचारता जहाजावर चढणं बेकायदा. २०१७ मध्ये सुमारे ५४ लाख युरो भरपाई ठरली, २०१९ मध्ये २७ लाखांवर तडजोड.

आता कडू भाग. खटला जिंकला, प्लॅटफॉर्म मात्र थांबला नाही. अटकेनंतर तीनच महिन्यांत, डिसेंबर २०१३ मध्ये, तिथून तेल निघायला लागलं. वाळूघड्याळच्या हिशोबानं बघितलं तर कारण कळतं. बर्फाचा मार झेलायला बांधलेला तो प्लॅटफॉर्म वीसेक मीटर पाण्यात तळावर कायमचा बसलाय, बारा महिने काम करतो. त्याला मोसम नाही, दोन दिवस अडवून काही बिघडत नाही. वर भागीदार सरकारच. २०२२ नंतर रशियाचं आर्क्टिकमधलं कच्चं तेल आपल्या देशातल्या रिफायनऱ्यांतही आलंय. "परभणीच्या पोरांना काय" याचं हे एक उत्तर.

हिंगोलीकर
म्हणजे आपल्या गाडीत पण असंल ते तेल?

कलम साठ, लातूर
रिफायनरीत सगळं एकत्र होतं, तुमच्या टाकीत कुठलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

हिमकण, छ. संभाजीनगर
दुसरं उत्तर पावसाचं, पण जपून मांडा. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक संबंध मांडला: उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातला बर्फ कमी झाला की मध्य भारतात सप्टेंबरातल्या अतिवृष्टीची शक्यता वाढते. सप्टेंबरातला तसला पाऊस म्हणजे काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब, हे इथं कुणाला सांगायला नको. पण हा आकडेवारीतून दिसलेला संबंध आहे. "तिकडे विहीर पाडली म्हणून इकडे सोयाबीन गेलं" असा सरळ बाण तक्त्यावर काढला तर कुणीही खोडून काढील.

गोदाकाठ, नांदेड
रिगवर चढलेल्यांचे फोटो मिळतात म्हणून सगळे त्यांच्याचकडं बघतात. तक्त्यात क्लाइड रिव्हर आलंच पाहिजे. कॅनडाच्या बॅफिन बेटावरचं इन्युइट लोकांचं गाव, आपल्याकडच्या लहान खेड्याएवढं. बॅफिन उपसागर आणि डेव्हिस सामुद्रधुनीत पाच वर्षं भूकंपीय सर्वेक्षण करायला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. सर्वेक्षण म्हणजे जहाजामागं एअरगन ओढायच्या, ठरावीक वेळानं दाबलेल्या हवेचे बार काढायचे, तळाखालून येणारा प्रतिध्वनी टिपायचा आणि तेल कुठं असेल ते ओळखायचं. गावाचा प्रश्न साधा होता: या आवाजानं नारव्हाल, देवमासे, सील यांचं काय होणार? आमचं पोट त्यावर आहे.

कंपन्यांनी उत्तर दिलं ३,९२६ पानांचं. गावच्या इनुक्टिटूट भाषेत त्यातलं फारच थोडं. आणि तिथल्या इंटरनेटवर ती फाइल उतरवायलाच जीव जायचा. गाव कोर्टात गेलं. २६ जुलै २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं परवानगी रद्द केली. कारण काय, तर लोकांशी खरा सल्लामसलत झालाच नाही, आणि असलं बाड हातात देणं म्हणजे उत्तर देणं नव्हे.

हे आपल्या कामाचं आहे. आपल्याकडं २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीआधी ३० दिवसांची नोटीस लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांश मराठीत आहे का, ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तो बघायला ठेवलाय का, नोटिशीची तारीख मोजून ३० दिवस भरतात का, एवढं तपासलं तरी निम्मी लढाई होते. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी बोललेलं इतिवृत्तात भलत्याच शब्दांत उतरतं. एक खाच मात्र आहे. जानेवारी २०२० पासून तेल-वायूच्या शोधासाठीच्या विहिरी बी-२ वर्गात टाकल्या, त्यांना जनसुनावणी लागत नाही. आपली गोदावरी पैठण, नांदेड करत शेवटी जिथं समुद्राला मिळते, तिथल्या केजी (कृष्णा-गोदावरी) खोऱ्यात तेल-वायूच्या विहिरी आहेत. १९९५ मध्ये पासरलापुडीला जमिनीवरची विहीर उसळून पेटली, ती विझायला दोन महिने लागले. तिथं रस्ता होता, उजेड होता, बर्फ नव्हता.

सडेतोड, जालना
हे क्लाइड रिव्हरचं पटलं. मोर्चाचा फोटो नसल्यामुळं कुणी सांगत नाही असलं.

करडईफूल, परभणी
फार उपयोगाचं होतंय. अंटार्क्टिकाचं कुणी सांगेल का? आणि कुलुक नावाच्या रिगचं एक चित्र मुलांनी काढलंय, त्याखाली काय लिहावं?

बोअरगाडी, बीड
कुलुक शेलचीच, पण २०१२ ची. गोल, परळासारखी, बर्फ चहूबाजूंनी आला तरी खाली वळून तुटावा म्हणून तसा आकार. स्वतःचं इंजिन नाही, ओढूनच न्यायची. मोसम संपल्यावर २१ डिसेंबरला आयविक नावाच्या एकाच जहाजानं तिला डच हार्बरहून सिएटलकडं ओढायला सुरुवात केली, हिवाळ्यातल्या अलास्काच्या आखातातून. २७ तारखेला ओढदोराच्या जोडातली शॅकल गेली. शॅकल म्हणजे यू आकाराची कडी, आडवी पिन घातलेली. बोअरच्या गाडीवर पाइप उचलायला असते तीच, फक्त माणसाला न उचलणारी. पुढं आयविकची चारही इंजिनं बंद पडली, डिझेलमध्ये समुद्राचं पाणी गेल्याचा संशय. रिगवरच्या १८ जणांना हेलिकॉप्टरनं काढलं, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री रिग सित्कालिदाक बेटाच्या खडकांवर जाऊन बसली. तेल सांडलं नाही, नशीब.

पण असल्या हवेत निघायची घाई का? तटरक्षक दलाच्या अहवालात एक कारण असंही नोंदलंय की १ जानेवारीला रिग अलास्कात असती तर राज्याचा कर लागला असता. चित्राखाली फक्त दोन तारखा लिहा: निघाल्याची २१ डिसेंबर आणि कराची १ जानेवारी.

कलम साठ, लातूर
अंटार्क्टिका थोडक्यात. १९८८ मध्ये तिथं खाणकामाचे नियम ठरवणारा करार तयार झाला होता, म्हणजे दार किलकिलं करणारा. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सनं त्यावर सही करायला नकार दिला आणि तो बारगळला. ग्रीनपीसनं १९८७ ते १९९२ रॉस बेटावर स्वतःचा तळ चालवला, बाकीच्या देशांच्या तळांवरचा कचरा आणि सांडपाणी मोजून जगासमोर मांडलं. १९९१ ला माद्रिद प्रोटोकॉल झाला, १९९८ पासून लागू. त्याच्या कलम ७ नं संशोधनाशिवाय खनिजांशी संबंधित कोणतंही काम बंद. भारतही त्यात आहे, मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं तिथं आहेत. "२०४८ ला बंदी संपते" असं छापलेलं दिसलं तर खोडा. २०४८ नंतर फेरआढावा मागता येतो, बंदी आपोआप उठत नाही.

नॉर्वेचीही एक ओळ घाला, कारण ते हरलेलं प्रकरण आहे. बॅरेंट्स समुद्रातल्या परवान्यांविरुद्ध ग्रीनपीस आणि तिथल्या तरुणांची संघटना राज्यघटनेच्या कलम ११२ वर (निरोगी पर्यावरणाचा हक्क) सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २२ डिसेंबर २०२० रोजी निकाल विरुद्ध लागला, १५ पैकी ४ न्यायाधीश मात्र परवान्यांचा काही भाग रद्द करावा या मताचे होते. उलट ग्रीनलँडनं २०२१ मध्ये आपणहून नवे शोध परवाने बंद केले. त्याआधी केर्न कंपनीनं तिथं ८ विहिरी पाडल्या होत्या, विकण्याजोगं काही लागलं नव्हतं.

करडईफूल, परभणी
तक्ता ठरला: ठिकाण, साल, काय केलं, काय अडलं, किती दिवस, पुढं काय झालं. सहा रकाने. आता दोन व्यवहारी प्रश्न. बर्फ मंडपात टिकवायचा कसा, आणि प्रयोगानंतर ते तेल टाकायचं कुठं?

हिमकण, छ. संभाजीनगर
बर्फ घरीच ताटांत अडीच सेंमी पाणी ओतून गोठवा, रात्रभर लागेल. नेताना ताटातून काढून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि थर्माकोलच्या खोक्यात उभा रचा. तुकडे आधी करू नका, फोडलेला लवकर वितळतो. प्रत्येक फेरीच्या वेळी फोडा. वितळलेल्या पाण्यानं टबातलं मीठ पातळ होतं, सगळ्या फेऱ्या झाल्या की पाणी बदला.

तेल नालीत ओतू नका, नाहीतर प्रदर्शन तिथंच आटोपायचं. कापूस वापरा, पण मेडिकलमधला नको. त्याचं मेण काढलेलं असतं, म्हणून तो आधी पाणीच पितो आणि बुडतो. शेतातल्या वेचणीचा, सरकी काढलेला कच्चा कापूस घ्या. त्याच्या धाग्यावर मेण असतं, पाणी धरत नाही, तेल मात्र स्वतःच्या वजनाच्या वीसपटीहून जास्त ओढतो. २०० मिलीला २० ग्रॅम पुष्कळ झाला. पिंजून मोकळा करून तवंगावर ठेवा, दाबू नका.

हिंगोलीकर
मग तिकडं समुद्रात कापूसच का टाकत नाहीत? आपल्याकडं ढीगच्या ढीग पडलाय.

हिमकण, छ. संभाजीनगर
चांगला प्रश्न, हीच चौथी फेरी करा. १९८९ मध्ये अलास्कात एक्सन वाल्डेझ या तेलवाहू जहाजातून साधारण ३७,००० टन तेल सांडलं. वीसपटीनं धरलं तरी १,८५० टन कापूस झाला. तो पिंजून, जहाजानं नेऊन, तवंगावर पसरायचा, तेल प्यायल्यावर वीसपट जड झालेला गोळा करायचा, आणि कुठंतरी ठेवायचा. तो समुद्र बर्फाचा नव्हता, तरी तिथल्या काही किनाऱ्यांवर दगडाखाली कित्येक वर्षांनीही तेल सापडत राहिलं.

टबात करून बघा: तिसऱ्या फेरीचा, ७० टक्क्यांचा बर्फ असू द्या आणि त्यावर कापूस टाका. तो बर्फावरच बसून राहतो, तेल खाली फटीत. पोचवायला एकेक तुकडा हातानं उचलावा लागतो. एका मुलाला हातमोजे न घालता दोनच मिनिटं करू द्या.

करडईफूल, परभणी
दोन मिनिटंच. शाळेचं नाव वर्तमानपत्रात यायला नको. कापूस सांगून ठेवलाय, रतनजोत उद्या.